गॅस चेकच्या डायमध्ये माझे १६५ डॉलर गेले, घ्यायच्या आधी हे वाचा

पेनसिल्व्हेनियात राहतो. माझ्याकडे थर्टी-थर्टी लिव्हर ॲक्शन रायफल आहे, हिवाळ्यात गॅरेजमध्ये शिसं वितळवून बुलेट ओततो आणि रविवारी क्लबच्या रेंजवर ५० यार्डावर कागदावर मारतो. इकडे हा कायदेशीर छंद आहे, पण भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्या कुणी हे वाचून काही करायला जाऊ नका प्लीज.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गॅस चेक म्हणजे शिशाच्या बुलेटच्या बुडाला बसवायची तांब्याची बारीकशी वाटी. शिसं मऊ, ३२७ डिग्रीला वितळतं, आणि रायफलमध्ये मागून येणारा गॅस इतका गरम आणि इतक्या दाबाचा असतो की बूड खातो, कडेने पुढे निसटतो, मग बॅरलमध्ये शिशाचा थर बसतो आणि नेम गेलाच समजा. वाटी बसवली की हे थांबतं. दुकानात १००० ची डबी मला ४० डॉलरच्या आसपास पडायची, पण ती नेहमी मिळेलच असं नाही. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूटाउनच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर कायदे कडक होतील या भीतीने २०१३ मध्ये प्रायमर (काडतुसाची ठिणगी पाडणारी टोपी), बंदुकीची दारू सगळंच शेल्फवरून गायब झालं होतं, २०२० ला परत तेच. म्हणून बरेच जण पत्र्यातून घरीच वाट्या पाडतात. त्यासाठीचा पंच (दाबाचा दांडा) आणि साचा म्हणजे डाय. पंच चकती कापतो आणि त्याच फटक्यात तिची वाटी होते, साधं ब्लँकिंग आणि ड्रॉइंग.

मी भोसरीत टूलरूममध्ये सहा वर्षं काढलीत. डाय काय असते, क्लिअरन्स (पंच आणि साच्यातली फट) काय असतो हे मला शिकवायची गरज नव्हती, तरी मी फसलो, म्हणूनच लिहितोय.

ऑनलाइन एक माणूस भेटला, म्हणाला डाय स्वतः लेथवर बनवतो, सोबत तांब्याची पट्टी पण देतो, अनील केलेली (तापवून मऊ केलेली), १४ थाऊ जाडीची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). आणि पैसे मागायच्या आधी त्याने २० वाट्या सॅम्पल म्हणून फुकट पाठवल्या. इथेच मी अडकलो. त्या इतक्या झकास बसल्या, सायझरमधून, म्हणजे बुलेट नेमक्या मापाला आवळणाऱ्या साच्यातून, काढल्यावर नखाने ओढली तरी हलेना. माझा विश्वास बसला. डाय ११०, पट्टी ५५. तो म्हणाला ओळखीच्या माणसाला पाठवतात तसे पैसे पाठव म्हणजे कमिशन वाचेल, तसे पाठवले तर परत मागायची सोय नसते हे मला माहीत होतं आणि तरी पाठवले.

पाच आठवड्यांनी पार्सल आलं. डाय दिसायला बरी. वाट्या पडल्या पण कडेला बर, म्हणजे कापल्यावर उरलेली खरखरीत धार, आणि बुलेटच्या बुडावर ठेवली की वाटी गोल फिरते. वाटलं सायझरमध्ये आवळली जाईल. मग रेंजवर गेलो, फेब्रुवारी, जमिनीवर बर्फ, एरवी दोन इंचात पडणारे पाच शॉट सात इंच पसरले, आणि रेंज थंड झाल्यावर, म्हणजे सगळ्यांचा गोळीबार थांबल्यावर, पुढे जाऊन बघतो तर बाकापासून दहा-पंधरा फुटांवर बर्फात माझ्या तांबूस वाट्या पडलेल्या, चार तरी मोजल्या. म्हणजे बॅरलमधून निघाल्या निघाल्या सुटत होत्या. घरी येऊन बॅरल साफ करायला दोन संध्याकाळी गेल्या.

मग मायक्रोमीटर काढला, जो पार्सल उघडल्यावर पहिल्यांदा काढायला हवा होता. पट्टी ९ थाऊ. आता हिशोब बघा, माझ्या बुलेटचं बूड ०.२८५ इंच, दोन्ही बाजूंना १४-१४ थाऊ धरले तर ०.३१३ होतात, सायझर ०.३०९ चा, म्हणजे वाटी करकचून आवळली जाते. ९ थाऊने होतात ०.३०३. सायझर तिला शिवत पण नाही. पंच मोजला तर ०.२९०, म्हणजे वाटी मुळातच पाच थाऊ सैल.

पट्टीची कापलेली कड खिडकीत उजेडाला धरली तर मधोमध करडी रेघ. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टचं मॅग्नेट लावलं, टक्कन चिकटलं. लोखंड होतं ते, वर तांब्याचा मुलामा, आणि अशा वाट्या मी माझ्या बॅरलमधून काढल्या होत्या याचा संताप अजून जात नाही.

सॅम्पलच्या दोन वाट्या शिल्लक होत्या. त्या भिंगाखाली धरल्या तेव्हा सगळं कळलं. त्यांचा काठ बाजूपेक्षा जाड होता. कारखान्यातल्या क्रिंप होणाऱ्या (बुडावर आवळून पकडणाऱ्या) चेकचा काठ तसा असतो, पण एकसारख्या पट्टीतून घरच्या साध्या डायने असा काठ येत नाही. म्हणजे दुकानातल्या डबीतल्या २० वाट्या त्याने मला 'माझ्या डायने बनवल्या' म्हणून पाठवल्या होत्या. ही चोरी आहे, दुसरं नाव नाही.

त्याला लिहिलं तर आधी म्हणाला तुझी पद्धत चुकतेय, मग म्हणाला परत अनील कर, मग आजारी आहे, मग नवीन पंच पाठवतो, असे दोन महिने काढले आणि उत्तरं बंद.

तर डाय घेणार असाल तर सॅम्पल वाटी मागू नका, ज्या पट्टीतून ती पडली ती भोकं पडलेली उरलेली जाळी सोबत मागा आणि तुमच्या बुलेटच्या बुडाचं माप सांगून पंचावर मायक्रोमीटर लावलेला व्हिडिओ मागा. पट्टीला मॅग्नेट लावा, कानशीने कड घासून आतला रंग बघा. पहिल्या दहा वाट्या चिमट्याने ओढून बघा, सुटत असतील तर रेंजवर नेऊच नका.

परवा तीच डाय परत विकायला दिसली, वेगळं नाव, किंमत १२५. फोटो तोच, मागे निळा व्हाइस आणि त्याच्या डाव्या जबड्यावर तिरका ओरखडा. हा फोटो दिसला तर पैसे पाठवू नका.