ओपनडब्ल्यूआरटीचं एसक्यूएम : प्लॅन तोच, पण तास आता तुटत नाही

चार तारे. पाचवा का कापला ते खाली लिहिलंय. ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरवर मूळ सॉफ्टवेअरच्या जागी बसवायचं फुकट सॉफ्टवेअर, आणि एसक्यूएम हे त्यातलं डेटाची रांग सांभाळणारं साधन.

माझे दहावीच्या गणिताचे ऑनलाइन तास संध्याकाळी असतात आणि तळमजल्यावर दिराचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई लागली की तो व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावतो आणि वर माझा तास बसतो. मी कोनदुभाजक काढून मोकळी झालेली असते, तेव्हा चोपडा गावच्या विद्यार्थिनीला अजून पहिला कंसच दिसत असतो. लाइन 100 एमबीपीएसची. तक्रार केली की इंटरनेट कंपनीचा मुलगा येणार, स्पीड टेस्ट दाखवणार आणि म्हणणार, "स्पीड तर पुरी येऊन राहिली, मॅडम. दोनशेचा प्लॅन घेऊन टाका."

स्पीड खरंच पुरी होती. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, लावून बघितला तर अपलोड बंद असताना 9 मिलिसेकंद, चालू झालं की 600 च्या पुढे. आमच्या जळगावहून सर्व्हर असलेली मुंबई रेल्वेने सुमारे 420 किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला जवळपास 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन जेमतेम 4 मिलिसेकंद. बाकीचा वेळ पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, रांगेत उभी! बोलण्यासाठी एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत ठेवा, अशी आयटीयू ह्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. रांगेच्या ह्या रोगाला बफरब्लोट म्हणतात.

जुन्या राउटरवरही 'क्यूओएस'चं, म्हणजे कुणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवायचं, बटण होतं. माझ्या लॅपटॉपला पहिला नंबर दिला, ढिम्म फरक नाही. कारण रांग आमच्या राउटरमध्ये लागतच नव्हती, ती लागायची कंपनीच्या डब्यात, आणि तिथे आपलं कोण ऐकतं?

एसक्यूएम नेमकं हेच सोडवतं. त्याला लाइनपेक्षा थोडी कमी स्पीड सांगायची, मग रांग आपल्या राउटरमध्ये येते आणि तिची शिस्त आपण लावतो. मी 'केक' नावाची शिस्त निवडली. ती 2018 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे, फुकट. भुसावळला मालगाडी बाजूच्या लाइनीवर थांबवून मेल गाडी पुढे काढतात, तसं दिराच्या जडशीळ फायलीमधून माझ्या आवाजाची बारकी पॅकेटं पुढे निघतात. एक खुबी मात्र लक्षात ठेवा: प्रगत पर्यायांत 'नॅट' हा शब्द टाकावा लागतो (नॅट म्हणजे घरातली सगळी यंत्रं बाहेर एकाच पत्त्याने दाखवायची राउटरची सोय). नाहीतर केकला अख्खं घर एकच यंत्र दिसतं आणि माणशी वाटणी होत नाही. 'फ्लो ऑफलोडिंग', म्हणजे पॅकेटं झटपट पुढे ढकलायची सोय, चालू असेल तर तेही बंद करा, त्यात पॅकेटं एसक्यूएमला वळसा घालून जातात.

आता अपलोड चालू असतानाही पिंग 15 च्या आसपास असतो. दीर म्हणतो, "वहिनी, माझी फाईल तर तेवढ्याच वेळात जाते." खरं तर जास्तच लागतो, त्याला जाणवत नाही एवढंच.

राउटर गोलाणी मार्केटमधून जुना घेतला, 1,800 रुपये. दुकानदाराने ओपनडब्ल्यूआरटी त्यावर चालतं ना, हे मॉडेलसोबत व्हर्जनचा नंबरही बघून सांगितलं. हे महत्त्वाचं, कारण एकाच नावाच्या दोन डब्यांत आतली चिप वेगळी निघते. हे काम राउटरच्या प्रोसेसरवर पडतं, त्यामुळे मोठ्या प्लॅनला स्वस्तातला डबा दम टाकतो.

तारा कापला तो मांडणीसाठी. पडदा सगळा इंग्रजीत, आकडे किलोबिटमध्ये, आणि एक शून्य कमी पडलं तर घरभर बोंब. शिवाय रात्री लाइनच घसरून 70 वर आली की 90 ला बांधलेलं एसक्यूएम कुचकामी ठरतं, रांग परत कंपनीकडे. मी म्हणून 65 वर बांधलंय. स्पीड गेली त्याचं काही वाटत नाही, तासाला एवढी लागतच नाही. वायफायचा गोंधळ वेगळा, लॅपटॉप केबलनेच जोडा.

बसवणार असाल तर लाइन रात्री नऊला मोजा. दुपारी बाराचा आकडा टाकू नका.