वाझू ४: आजची खूण पकडतो, कालची विसरतो

वाझू म्हणजे मशीनांचे लॉग (घडामोडींच्या नोंदी) तपासून घुसखोरीचा इशारा देणारं सॉफ्टवेअर. ओएसएसईसी या जुन्या घुसखोरी-शोधक प्रकल्पातून २०१५ मध्ये फुटून निघालेला वाझू फुकट आहे. २५ एजंटांपर्यंत (एजंट म्हणजे प्रत्येक मशीनवर बसवायचा छोटा प्रोग्राम) सगळं एकाच मशीनवर बसवायचं तर ४ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), ८ जीबी रॅम आणि ५० जीबी डिस्क पुरते. इन्स्टॉलेशन सोपं आहे, त्यात फार सांगण्यासारखं नाही.

खरी कसोटी आयओसीची, म्हणजे घुसखोरीच्या खुणांची. घातक आयपींची किंवा हॅशची (फाइलच्या डिजिटल ठशांची) यादी सीडीबी लिस्टमध्ये, म्हणजे वाझूच्या शोध-यादीच्या फाइलमध्ये टाकायची, मुख्य कॉन्फिगमध्ये तिची नोंद करायची, १००००० ते १२०००० मधला आयडी देऊन नियम लिहायचा, मॅनेजर (वाझूचा मुख्य सर्व्हर) रिस्टार्ट करायचा. ती नोंद राहून गेली की यादी कितीही ताजी असो, अलर्ट येत नाही.

एवढं केलं की जुळणी चोख होते. पण जुळवायला लॉगमध्ये काहीतरी असावं लागतं! विंडोजच्या ४६८८ इव्हेंटमध्ये (नवीन प्रोसेस सुरू झाल्याची नोंद) प्रोसेस दिसते, ती कोणत्या आज्ञेने सुरू झाली ती कमांड लाइन मात्र वेगळी चालू करावी लागते. मशीनवरून बाहेर कनेक्शन कुठे गेलं हे हवं तर सिसमॉन हे मायक्रोसॉफ्टचं नोंदी ठेवणारं साधन लागतं; त्यातही नेटवर्क कनेक्शनचा इव्हेंट ३ मुळात बंद असतो, आणि सिसमॉनचं चॅनल वाचायला एजंटला वेगळं सांगावं लागतं. फाइल इंटिग्रिटीची, म्हणजे फाइली बदलल्या का याची तपासणी मुळात दर ४३,२०० सेकंदांनी, म्हणजे १२ तासांनी होते. टेम्प फोल्डरात उतरून पाच मिनिटांत स्वतःला पुसणारी फाइल तिला दिसणार कशी? तेवढ्या फोल्डरला रिअलटाइम, म्हणजे बदल होताच होणारी तपासणी लावा. अख्ख्या सी ड्राइव्हला लावलंत तर अपडेटच्या दिवशी अलर्टांचा पूर येतो. व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या संकेतस्थळाची जोडणी डेमोत छान दिसते, पण पब्लिक कीवर (फुकट खात्यावर) मिनिटाला ४ आणि दिवसाला ५०० चौकश्याच होतात.

सगळ्यात मोठी खोट वेगळीच आहे. नियमाला न जुळलेले किंवा पातळी ३ च्या (नियमाच्या गंभीरतेचा आकडा) खालचे लॉग वाझू मुळात साठवतच नाही. आयओसी तर बहुतेकदा घटना घडून गेल्यावरच हाती येतात. आज कळलेला आयपी तीन आठवड्यांमागे शोधायला जावं तर डॅशबोर्ड कोरा, आणि कोऱ्या पडद्याचा अर्थ 'आपण सुरक्षित' असा लावला जातो. म्हणून पहिल्याच दिवशी सगळे लॉग साठवणारी 'लॉगऑल जेसन' ही सेटिंग चालू करा, आणि ते लॉग इंडेक्सरकडे (वाझूच्या शोधता येणाऱ्या साठ्याकडे) पाठवणाऱ्या फाइलबीटमध्ये आर्काइव्हही चालू करा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात. वरच्या ५० जीबीत ९० दिवसांच्या अलर्टांचाच हिशेब आहे. डिस्क त्या मानाने घ्या आणि रिटेन्शन पॉलिसी (नोंदी किती दिवस ठेवायच्या याचा नियम) स्वतः लावा, कारण जुने इंडेक्स (नोंदींचे गठ्ठे) आपोआप पुसले जात नाहीत. डिस्क ९५ टक्के भरली की इंडेक्सर नवीन नोंदी घेणंच थांबवतो.