ई-ऑफिसचे दहा महिने : पंचायत समितीच्या आस्थापना टेबलावरून

मी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात वरिष्ठ सहायक आहे. टेबल आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक कामांचं. नोकरीला 19 वर्षं झाली. गेल्या दहा महिन्यांपासून आमचं टपाल आणि नस्त्या (फायली) ई-ऑफिसवर, म्हणजे संगणकावर नस्त्या चालवायच्या सरकारी प्रणालीवर चालतात. आमच्याकडे सुरू होणार म्हटल्यावर रोज वापरणाऱ्या कुणाचा तरी अनुभव वाचायला मिळावा असं फार वाटत होतं. हाताशी आली ती फक्त प्रशिक्षणाची पीपीटी. आता आजूबाजूच्या तालुक्यांतही सुरू होतंय, म्हणून लिहिते आहे.

ही प्रणाली एनआयसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची. आमच्या पिढीतल्या कारकुनांना तिची गरज कुणी समजावून सांगावी लागत नाही. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली, तेव्हा जळालेल्या नस्त्यांच्या बातम्या आम्ही टीव्हीवर बघितल्या आहेत. तरीही आपल्या टेबलावरचा कागद जाणार म्हटलं की पोटात गोळा येतोच.

पहिले दोन महिने दुप्पट काम झालं. ई-ऑफिसवर टिप्पणी टाकायची, तिची प्रिंट काढून कागदी नस्तीला लावायची आणि वर पेनाने सहीही घ्यायची. कारण एकच, उद्या लोकल फंडाचं (स्थानिक निधी लेखापरीक्षकांचं) ऑडिट आलं तर काय दाखवायचं? बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांनी एके दिवशी प्रिंटवर सही करायला सरळ नकार दिला, तेव्हा कुठे हे थांबलं. सुरू करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ही दुहेरी पद्धत पहिल्याच आठवड्यात बंद करा. माणसं प्रणालीला कंटाळत नाहीत, दोनदा काम करायला कंटाळतात.

खरा बदल झाला तो हिरव्या नोटमुळे. पिवळी नोट म्हणजे कच्चा मसुदा. ती पक्की केली की हिरवी होते आणि नस्ती पुढे गेली की ती कुणालाच खोडता येत नाही. कागदावर काय व्हायचं हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांना टिप्पणी पटली नाही तर बोलावणं यायचं, "हे पान बदलून आणा." आपण पान बदलायचो. आपलं मत काय होतं हे नस्तीत कुठेच उरायचं नाही.

सुरुवातीला या हिरव्या नोटची सगळ्यांनी धास्ती घेतली. टिप्पण्या आखडल्या. नियम नाही, अभिप्राय नाही, नुसतं "मा. आदेशार्थ सादर". खरी चर्चा व्हॉट्सॲपवर गेली : आधी मसुदा तिकडे टाका, मी बघतो, मग नोट करा. म्हणजे निर्णय फोनवर आणि नस्तीत त्याची फक्त शुद्ध प्रत. या काळात मला सारखं वाटायचं की नुसतं कपाट बदललंय, कारभार जुनाच आहे.

ते बदललं नव्या गटशिक्षणाधिकारी मॅडममुळे. आंतरजिल्हा बदलीने आलेल्या एका शिक्षकाचा चटोपाध्यायचा, म्हणजे 12 वर्षांनंतरच्या वरिष्ठ श्रेणीचा प्रस्ताव होता. रजेच्या एका नोंदीची पडताळणी दिसत नाही, प्रस्ताव परत करावा, अशी टिप्पणी मी टाकली. मॅडमनी बोलावलं नाही, फोनही केला नाही. माझ्या नोटच्या खालीच लिहिलं : रजामंजुरीचा आदेश सेवापुस्तकात पुढच्या पानावर आहे, प्रस्ताव परत करू नये, मूळ जिल्ह्याकडून ईमेलने खात्री करून घ्यावी. चूक माझीच होती. दोन्ही नोटा आजही त्या नस्तीत एकाखाली एक आहेत. त्या दिवशी मला वाईट वाटलं, पण आठवडाभरात आमच्या विभागातले सगळे पुन्हा मोकळेपणाने अभिप्राय लिहायला लागले. वरिष्ठ स्वतःच्या नावाने, कारणासह असहमती लिहितात हे दिसलं की खालच्याची भीती जाते. प्रशिक्षणात हे कुणी शिकवत नाही.

नस्तीचा प्रवास दिसतो, हे दुसरं मोठं काम झालं. शिक्षक विचारायचे, "मॅडम, माझी फाईल कुठंय?" आपलं उत्तर ठरलेलं, "वर पाठवलीय." आता मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवते. कुणाकडे, कुठल्या तारखेला, किती वाजता गेली, सगळं समोर असतं. एका कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, हे 2005 च्या दप्तर दिरंगाईच्या (सरकारी कामातला उशीर रोखणाऱ्या) कायद्यात आधीपासूनच आहे. पण ते सात दिवस मोजायचे कुणी? आता ते आपोआप मोजले जातात, माझे आणि साहेबांचेही.

अडचणीही सांगते. जुने मसुदे श्रीलिपी नाहीतर कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये होते, ते ई-ऑफिसवर चिकटवले की अक्षरांचा चिखल. युनिकोड अक्षरं आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डची सवय व्हायला मला महिना लागला. आमच्या आतल्या खोलीत मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे ओटीपीसाठी व्हरांड्यात जावं लागतं. मूळ सेवापुस्तक अजून कागदीच आहे. वैद्यकीय बिल जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अभिप्रायाला जातं तेव्हा पूर्ण प्रिंट काढावी लागते, आणि तिथून पुढचा प्रवास कुठेच दिसत नाही. सगळ्यात मोठा फटका बदलीच्या वेळी बसला. एका अधिकाऱ्यांची बदली झाली, ईएमडीमध्ये (कोणत्या पदावर कोण आहे याची ई-ऑफिसमधली नोंद) पदभार बदलायला 11 दिवस गेले आणि तेवढे दिवस 43 नस्त्या जुन्या खात्यात अडकून पडल्या. त्यात दोन निवृत्तिवेतनाच्या होत्या. कार्यमुक्तीचा आदेश निघतो त्याच दिवशी ईएमडीतला बदल झालाच पाहिजे.

आमच्या शिपाई मामांबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आठवड्यातून दोनदा टपालाची पिशवी घेऊन ते एसटीने जिल्हा परिषदेत जायचे. ई-ऑफिस आल्यावर त्यांना काम उरणार नाही, असं सगळे म्हणत होते. आज स्कॅनिंग पूर्ण त्यांच्याकडे आहे. वैद्यकीय बिल आलं की ते ब्लेडने एकेक पिन काढतात. मेडिकलच्या गुळगुळीत पावत्यांवरची अक्षरं उडतात म्हणून त्यांची आधी झेरॉक्स काढून घेतात. डिस्चार्ज कार्ड, अत्यावश्यकता प्रमाणपत्र, बिलं असा क्रम लावतात आणि मगच स्कॅनरवर ठेवतात. कुठला कागद कमी आहे हे माझ्या आधी त्यांना कळतं. स्कॅनिंगला कुणालातरी बसवू नका. वाचून लावणारा माणूस बसवा.

राहिला प्रश्न व्हॉट्सॲपचा. माझ्या फोनवर कार्यालयाचे सात ग्रुप आहेत. रात्री साडेदहाला मेसेज येतो, "उद्या 11 वाजेपर्यंत माहिती सादर करावी." त्याला ना जावक क्रमांक, ना सही. त्यावर शिक्षक वर्ग सोडून तक्ते भरत बसतात. तीन महिन्यांपासून मी मॅडमच्या परवानगीने असे मेसेज पीडीएफ करून रीतसर आवक करते, क्रमांक देते आणि विषयाच्या नस्तीत लावते. सोमवारी सकाळचं पहिलं काम तेच. मागच्या सोमवारी 14 मेसेज आवक झाले. त्यातल्या 9 मेसेजमध्ये मागितलेली माहिती आम्ही आधी एकदा दिलेली होती. त्या नऊही वेळचे जावक क्रमांक टाकून मी ती परत वर पाठवली.