‘चक्र’: दळवींची पहिली कादंबरी

जयवंत दळवी मला आवडू लागले ते ‘सारे प्रवासी घडीचे’मुळे, आणि ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेले विनोदी सदर वाचल्यावर ती आवड पक्की झाली. गावच्या माणसांचे हट्ट, खोडी आणि भाबडेपणा इतक्या मायेने टिपणाऱ्या या लेखकाची पहिली कादंबरी मुंबईच्या झोपडपट्टीवर आहे, हे ठाऊक असूनही १९६३ सालचे ‘चक्र’ वाचायचे राहून गेले होते. दादरच्या ग्रंथालयातून ते आणले, तेव्हा मनात ओळखीच्या दळवींचीच अपेक्षा होती.

ती अपेक्षा वेगळ्याच रीतीने पूर्ण झाली. अम्मा, वयात येणारा तिचा मुलगा बेन्वा आणि त्याला भुरळ घालणारा वस्तीतला दादा यांच्याभोवती फिरणाऱ्या या कथेत विनोदाचा दिलासा जवळजवळ नाही. मात्र माणसाकडे न्यायाधीशाच्या नजरेने न पाहण्याचा जो गुण दळवींच्या विनोदी लेखनात आपल्याला सुखावतो, तोच इथे उपाशी, व्यसनी आणि पोलिसांना भिणाऱ्या माणसांच्या वाट्याला आला आहे. अम्माचे पुरुषांशी असलेले संबंध लेखक झाकत नाही आणि त्यांची सबबही देत नाही. मुलाला चांगले दिवस दिसावेत ही तिची आस आणि तिच्या देहाची गरज या दोन्ही गोष्टी एकाच बाईत सहज नांदतात, आणि हे चित्रण मला कादंबरीतले सर्वांत मोलाचे वाटते. भूक आणि वासना यांचा माणसावरचा ताबा हा दळवींच्या पुढील लेखनात वारंवार येणारा विषय आहे. त्याचे मूळ इथे सापडते.

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रहही १९६३चाच, आणि भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’ला त्यानंतर दोन वर्षे अवकाश होता. मुंबईच्या तळातल्या जगण्याला मराठी साहित्यात जागा मिळू लागली होती, त्या काळात पांढरपेशा वर्गातल्या एका लेखकाने हे धाडस केले, याचे महत्त्व मला फार वाटते.

उणीव एकच जाणवली. काही ठिकाणी आपत्तींमागून आपत्ती येत राहतात, आणि एका दुःखाचा ठसा उमटण्याआधीच दुसरे येऊन आदळते.

रवींद्र धर्मराज यांचा १९८१चा चित्रपट आणि त्यातील स्मिता पाटील यांची अम्मा अनेकांना माहीत असते. तो चित्रपट पाहिलेल्यांनीही पुस्तक जरूर वाचावे, आणि दळवींशी पहिलीच ओळख होत असलेल्या वाचकाने मात्र ‘सारे प्रवासी घडीचे’पासून सुरुवात करून मगच इकडे यावे, असे माझे मत आहे, त्या क्रमाने वाचल्यास ‘चक्र’मधील लेखकाचा संयम अधिक स्पष्ट दिसतो.