डॉजचा पायाचा स्टार्टर स्विच: नवा मागवण्याआधी परतवाड्याला दाखवा

डिस्पोजलची, म्हणजे लष्कराने लिलावात काढलेली जुनी गाडी असेल आणि सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) उचलत नसेल, तर नवा स्विच मागवायच्या आधी परतवाड्याच्या चाचांकडे, म्हणजे सेल्फ दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे जाऊन या. बस स्टँडकडून आत वळलं की सेल्फ-डायनमोवाल्यांची गल्ली लागते. त्यातलं सगळ्यात अंधारं दुकान, बाहेर ट्रॅक्टरच्या जळक्या आर्मेचरचा (मोटरच्या आतल्या फिरत्या भागांचा) ढीग. पाटी नाही. कोणालाही विचारा.

आमची गाडी डॉजची वेपन कॅरिअर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी गाडी, पाऊण टनी, चारही चाकं ओढणारी. 1942 ते 1945 या काळात अमेरिकेत अशा पाऊण टनी डॉज अडीच लाखांच्या आसपास बनल्या. त्यातली ही एक लिलावातून मेळघाटातल्या एका लाकूड ठेकेदाराकडे आली आणि त्याच्याकडून माझ्या सासऱ्यांनी घेतली. आता चांदूर बाजारकडच्या आमच्या संत्र्याच्या बगिच्यात असते. काळ्या मातीत फसलेला ट्रॅक्टर ओढायला अजूनही तीच लागते.

या गाडीत चावी फिरवून सेल्फ लागत नाही. पायाशी एक खुंटी आहे, ती दाबायची. ती दाबली की लिव्हर आधी सेल्फचं पिनियन (छोटं दातेरी चाक) सरकवून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगमध्ये घालतो, आणि अगदी शेवटच्या दाबाला सेल्फच्या पाठीवरच्या स्विचचं बटन दाबतो. मध्ये विजेवर चालणारा रिले नाही, सोलेनॉइड नाही. आत तांब्याची एक चकती दोन जाड बोल्टांना जोडते आणि सगळा करंट तिच्यातून जातो. गाडी 6 व्होल्टची, म्हणजे तेवढ्याच कामाला 12 व्होल्टच्या दुप्पट करंट. बोल्ट आणि चकती यांच्यात जरा काजळी धरली की संपलं.

आमच्याकडे आधी नुसतं टक् व्हायचं. गावातल्या मिस्त्रीने बॅटरीवर ढकललं, म्हणून बॅटरी बदलली. तीही ऑर्डर देऊन, कारण 6 व्होल्ट म्हटलं की दुकानदार जुन्या बुलेटची बॅटरी काढून दाखवतात. मग एका पावसाळ्यात चकती बोल्टाला चिकटूनच बसली. पाय काढला तरी सेल्फ फिरतच राहिला. या सर्किटला फ्यूज नसतो. सालदाराने बॅटरीचं टर्मिनल उपसलं तेव्हा थांबला, आणि तोवर केबलचं रबर मऊ पडून वास सुटला होता.

म्हणून ऑनलाइन नवा स्विच मागवला. दिसायला अगदी जुन्यासारखा, वर चकाचक रंग. आत मात्र पत्र्यासारखी पातळ चकती आणि बोल्ट बोटाने हलतात. मृगाची संत्री उतरायच्या आत तो जळला. विकणाऱ्याने परत घेतला नाही. पॅकिंग फोडलं म्हणे. न फोडता तो बसवायचा कसा, ते काही सांगितलं नाही.

शेवटी गाडी चाचांकडे नेली. त्यांनी लगेच पाना हातात घेतला नाही, हे मला पहिल्यांदा आवडलं. मीटरच्या दोन पिना स्विचच्या दोन बोल्टांवर धरल्या आणि मला म्हणाले, "ताई, मारा सेल्फ." सव्वा व्होल्ट दाखवला. "सहातला सव्वा व्होल्ट हा इथंच खाऊन राह्यला ना. सेल्फले काय भेटन?" मग केबलच्या दोन टोकांवर तेच केलं, इंजिन आणि बॅटरीच्या मायनसमध्येही केलं. कुठे किती गळतंय ते बॅटरीवाल्या कंपनीच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवलं.

जुना मूळ स्विच मी डब्यात घालून नेला होता. तो पाहून नवा त्यांनी बाजूलाच सारला. "हा बाहेरचा माल हाय, याले कायले फेकता?" खोलून चकती माझ्या तळहातावर ठेवली. एका कडेला तांबं वितळून खड्डे पडलेले, वरून काळी खरपुडी. अशा वेळी चकती पलटवून दुसरी बाजू वापरायची पद्धत आहे. चाचांनी पलटवली तर त्या बाजूलाही जुने खड्डे. म्हणजे ठेकेदाराच्या काळातच कोणीतरी ही युक्ती करून मोकळा झाला होता. चाचा पोट धरून हसले.

नवी चकती त्यांनी भंगारातल्या तांब्याच्या जाड पट्टीतून कापून शेजारच्या लेथवर घासून आणली. खरं काम पुढे होतं. एका बोल्टाचं डोकं जळून खाली गेलेलं, त्यामुळे चकती तिरपी टेकायची आणि सगळा करंट एकाच कडेवर यायचा. दोन्ही डोकी कानस मारून, काचेवर शाई लावून, पुन्हा पुन्हा टेकवून एका पातळीत आणली. जुने फायबरचे वायसर भुगा झाले होते, ते हायलमचे (वीज न वाहणाऱ्या कडक शीटचे) केले. स्प्रिंग मूळचीच ठेवली.

बसवल्यावर बॅटरी न जोडता खुंटी हाताने हळूहळू दाबायला लावली आणि स्वतः खाली झोपून पाहत राहिले. पिनियन रिंगमध्ये पूर्ण बसल्यावरच बटन दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर दात घासले जातात. ते मनासारखं होईपर्यंत उठले नाहीत. सेल्फची केबलही काढली, कारण ती कोणीतरी ट्रॅक्टरची 12 व्होल्टची बारीक टाकलेली. तिच्या जागी 70 स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल, दोन्ही टोकांना थिंबल (धातूच्या टोप्या) दाबून वर झाळलेले. अर्थिंगच्या पट्टीखालचा चेसिसचा रंग खरवडला. नंतर मीटरवर स्विचवरचा व्होल्ट दशांशावर आला आणि इंजिन अर्ध्या फेरीत धरलं.

सगळे मिळून 2,200 रुपये झाले. ऑनलाइनचा स्विच 4,800 ला पडला होता.

गाडी 12 व्होल्टवर नेऊन बटनाचा सोलेनॉइड बसवा, असा सल्ला देणारे गल्लीतच भेटतील. ते काम चाचाही करतात, पण मला त्यांनीच अडवलं. डायनमो, कटआउट (डायनमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच), दिवे, मीटर सगळं बदलावं लागतं आणि 6 व्होल्टचा सेल्फ 12 वर इतका जोरात आदळतो की रिंगचे दात जातात. रोज भाड्यावर चालणारी गाडी असती तर मीही विचार केला असता.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. "संध्याकाळी देतो" म्हणजे दुसऱ्या दिवशी जेवणानंतर. बसायला एक उलटा क्रेट, तोही ग्रीसचा. बाईमाणसाने एसटी स्टँडवरूनच आवरून यावं. शुक्रवारी दुपारी दुकान बंद. पक्कं बिल मिळत नाही, हिशेब तोंडी. पण बदललेला प्रत्येक तुकडा कागदात बांधून परत देतात.

आणि कार्बोरेटरला त्यांच्या पोराला हात लावू देऊ नका. तो न विचारता आयडलचा स्क्रू पिळतो.