डोंगरवाटांसाठी हलकी टेलिफोटो: कॅननची आरएफ १००-४०० काही महिने वापरल्यानंतर

पाठीवर सॅक घेऊन सलग चार-सहा दिवस चालणाऱ्याने टेलिफोटो (दूरचे मोठे दाखवणारी) लेन्स निवडताना आधी वजन पाहावे, मग पल्ला (किती दूरचे टिपते ते) आणि सर्वांत शेवटी ॲपर्चर (प्रकाश आत घेणारा झरोका), असे माझे मत गेल्या काही महिन्यांत पक्के झाले आहे. लग्नसमारंभ किंवा नाटकाचे प्रयोग टिपणारा छायाचित्रकार हाच क्रम उलटा लावेल आणि त्याच्या कामासाठी ते योग्यच असेल. हा अनुभव चालणाऱ्यांसाठी लिहीत आहे. कॅननची आरएफ १००-४०० एफ/५.६-८ ही लेन्स मी गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस घेतली. यातले पहिले आकडे मिलिमीटरमधला पल्ला सांगतात आणि 'एफ/' नंतरचे ॲपर्चर; हा आकडा जितका मोठा तितका झरोका लहान. त्यानंतर ती दार्जिलिंगकडच्या सिंगालीला धारेवरच्या संदकफू-फालूतच्या वाटेवर, हिवाळ्यात सह्याद्रीतल्या गडांवर, भीमाशंकरच्या जंगलात आणि यंदा कासच्या पठारावर माझ्याबरोबर होती. कॅमेरा सर्वत्र कॅननचा ईओएस आर६ हाच.

या कॅमेऱ्यासाठी माझ्यापुढे चार पर्याय होते. ७०-२०० एफ/२.८ चे वजन १०७० ग्रॅम आहे, १००-५०० चे ट्रायपॉडची कडी काढूनही १३७० ग्रॅम, ७०-२०० एफ/४ चे ६९५ आणि १००-४०० चे ६३५ ग्रॅम. पहिल्या दोन लेन्स गुणवत्तेत निःसंशय वरच्या आहेत, परंतु स्लीपिंग बॅग, गरम कपडे, रेनकोट आणि दोन लिटर पाणी भरून झाल्यावर आणखी किलोभर वजन उचलायचे म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कॅमेरा सॅकच्या तळाशी जातो आणि तिथेच राहतो. त्यामुळे खरी निवड शेवटच्या दोन लेन्समध्येच होती, आणि ती करताना एक साधे गणित फार उपयोगी पडले.

लेन्सच्या नाभीय अंतराला (म्हणजे पल्ल्याच्या मिलिमीटरांना) ॲपर्चरच्या आकड्याने भागले की ज्या झरोक्यातून प्रकाश आत येतो त्याचा व्यास मिळतो. २०० ला ४ ने भागले तर ५० मिलिमीटर, आणि ४०० ला ८ ने भागले तरी ५० मिलिमीटरच. म्हणजे दूरच्या फांदीवर बसलेल्या पक्ष्याकडून येणारा प्रकाश या दोन्ही लेन्स आपापल्या कमाल पल्ल्यावर जवळपास सारखाच गोळा करतात. फरक पडतो तो तपशिलात, कारण २०० वर काढलेला फोटो ४०० च्या चौकटीइतका कापला तर आर६ च्या २० मेगापिक्सेलपैकी जेमतेम पाचच हाती उरतात. जड लेन्स जड का असतात, तेही याच भागाकारातून कळते. २०० भागिले २.८ काय किंवा ५०० भागिले ७.१ काय, उत्तर ७० मिलिमीटरच्या आसपास येते, आणि व्यास वाढला की काच वाढते, काच वाढली की वजन. 'एफ/८' हा आकडा वाचून अनेक जण या लेन्सकडे पाठ फिरवतात. त्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

माझी दुसरी लेन्स २४-१०५ एफ/४-७.१ ही ३९५ ग्रॅमची आहे. कॅमेरा बॅटरी-कार्डासह ६८० ग्रॅमचा. तिन्ही मिळून १७१० ग्रॅम होतात आणि त्यात २४ पासून ४०० पर्यंतचा सगळा पल्ला मिळतो. दोन्ही लेन्सच्या फिल्टरचा व्यास ६७ मिलिमीटर असल्याने एकच पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) दोन्हींना चालतो, ही सोय कागदावर क्षुल्लक दिसते, पण वाटेवर रोज जाणवते.

वजनाइतकेच महत्त्व ते वजन कुठे लटकते याला आहे. गळ्यात पट्टा घालून कॅमेरा नेला तर चढणीवर तो पोटावर आपटत राहतो आणि संध्याकाळी मान धरते. मी सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर धातूची क्लिप बसवली आहे. कॅमेरा तिच्यात अडकतो आणि एका हाताने सुटतो. १००-४०० मिटवलेली असताना साडेसोळा सेंटीमीटर लांब असते, त्यामुळे ती लावून चालताना चढावर गुडघा किंचित लागतो. सपाटीवर आणि उतारावर मात्र काहीच त्रास होत नाही. या बाबतीत ७०-२०० एफ/४ सरस आहे, कारण मिटल्यावर ती बारा सेंटीमीटरांचीच होते. हाताशी असलेल्या लेन्सनेच फोटो निघतात, म्हणून क्लिपवर कोणती लेन्स ठेवायची हे मी त्या दिवसाच्या वाटेवरून ठरवतो.

सिंगालीलाची धार ही भारत-नेपाळ सीमेवरून जाते आणि टेलिफोटोची खरी किंमत कळावी अशी ती जागा आहे. मानेभंज्यांगहून निघून टुमलिंग, काली पोखरी करत ३६३६ मीटर उंचीच्या संदकफूला पोहोचले की उत्तरेला कांचनजंगाची रांग आडवी पसरलेली दिसते. कुंभकर्णाचे शिखर हे डोके आणि कांचनजंगा हे शरीर मानून तिथले लोक तिला निद्रिस्त बुद्ध म्हणतात. ही पूर्ण रांग टिपायला लहान लेन्सच हवी. पश्चिमेला, बरेच दूर, ल्होत्से, एव्हरेस्ट आणि मकालू एकमेकांना खेटून उभे असतात. त्यांतला मकालू जवळ असल्याने तोच मोठा दिसतो आणि नवखा माणूस त्यालाच एव्हरेस्ट समजतो. २४-१०५ ने काढलेल्या फोटोत ही तिन्ही शिखरे क्षितिजावरचे पांढरे दाते एवढीच उमटतात. ४०० वर गेल्यावर मात्र मकालूच्या धारा वेगळ्या होतात, ल्होत्सेची भिंत ओळखू येते आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरून वाऱ्याने उडणारे बर्फही दिसू लागते.

पहाटे उजाडण्यापूर्वी धारेवर इतका वारा असतो की हलक्या ट्रायपॉडचा उपयोग होण्याऐवजी अडचणच होते. मी ट्रायपॉड मुक्कामावर ठेवून दगडी कठड्याला पाठ लावून बसलो आणि हातात धरूनच फोटो काढले. लेन्समधले स्थिरीकरण साडेपाच स्टॉपचे, आणि कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाशी जोड मिळाल्यावर सहा स्टॉपचे, असे कंपनी सांगते (दर स्टॉपला शटर दुप्पट वेळ उघडे ठेवता येते). थंडीने बोटे आखडलेली असताना ते किती मिळाले हे सांगणे कठीण आहे, पण ४०० वर १/६० सेकंदाला काढलेल्या फोटोंपैकी बहुतेक धारदार आले. पहिले ऊन कांचनजंगाच्या माथ्यावर पडते तेव्हा खालच्या दऱ्या अंधारातच असतात. त्या वेळी पूर्ण चौकटीचे मोजमाप कॅमेऱ्यावर सोपवले तर शिखर पांढरेफटक उडते, म्हणून लेन्सवरच्या कंट्रोल रिंगला मी एक्स्पोजर कमी-जास्त करण्याचे काम दिले आहे. हातमोजे न काढता ती फिरवता येते. डोंगर हलत नाही आणि उन्हात न्हालेले बर्फ अतिशय उजळ असते; अशा विषयासाठी एफ/८ मुळे माझा एकही फोटो अडला नाही.

मर्यादा आली ती हवेमुळे. सूर्य वर चढून दऱ्या तापू लागल्या की मधल्या हवेच्या थरांत थरथर सुरू होते आणि दूरच्या शिखराची कड कोणत्याही लेन्सने स्वच्छ येत नाही. त्यानंतर खालून ढगही चढतात. घरी आल्यावर दुपारचे फोटो मऊ दिसले म्हणून लेन्सला दोष देण्यापूर्वी पहाटेचे फोटो शेजारी ठेवून पाहावेत. माझ्याकडच्या पहाटेच्या फोटोंत ४०० वर मध्यभागी भरपूर तपशील आहे. कोपरे थोडे कमी धारदार आहेत, पण अशा फोटोंत कोपऱ्यात बहुधा आकाशच असते.

एफ/८ ची लेन्स जुन्या डीएसएलआरवर, म्हणजे लेन्समधले चित्र आरशातून थेट दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर, वापरणे खरोखरच त्रासाचे झाले असते, कारण व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो आणि बहुतेक कॅमेऱ्यांचे ऑटोफोकस इतक्या कमी प्रकाशात चाचपडते किंवा बंदच पडते. आर६ सारख्या आरसा नसलेल्या, मिररलेस कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडर हा छोटा पडदाच असल्याने चित्र उजळ दिसते, आणि आर६ चे फोकस एफ/८ वरही पक्ष्याचा डोळा पकडते. गडाच्या कड्यावर उभे राहिले की घारी आणि ससाणे आपल्या डोळ्यांच्या पातळीवर, कधी तर खालून, तरंगत जातात. हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात १/१६०० सेकंद आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; वाढवली की फोटो खरखरीत होतो) ८०० ते १६०० ठेवून मी ते टिपले, आणि फोकसने फार क्वचित साथ सोडली.

या लेन्सची खरी कसोटी भीमाशंकरला लागली. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आणि हे अभयारण्य त्याच्यासाठीच राखलेले. सदाहरित झाडीत वरच्या छतामुळे खाली भर सकाळीही संधिप्रकाश असतो. आमच्याबरोबरचे गावातले मार्गदर्शक म्हणाले, "दादा, वर शोधू नका, आधी पानांचा आवाज ऐका." तसे थांबल्यावर दोन झाडे सोडून फांदी हलली आणि तांबूस पाठीचे, झुपकेदार शेपटीचे जनावर खोडावर उलटे लटकून फळ कुरतडताना दिसले. ४०० वर, एफ/८ ला, १/२५० सेकंद मिळवण्यासाठी आयएसओ १२८०० वर न्यावा लागला. ते खात बसलेले असतानाचे फोटो वापरण्याजोगे आहेत, केसांचा पोत मात्र खरखरीत झाला आहे. त्याने पुढच्या झाडावर झेप घेतली ती तर या वेगाला धूसरच आली. अशा जंगलात एफ/४ ची लेन्स २०० वर चौपट प्रकाश देते आणि प्राणी जवळ असेल तर तोच मार्ग बरा. ज्यांचे फिरणे प्रामुख्याने घनदाट जंगलात असेल, त्यांनी ६० ग्रॅम जास्तीचे उचलून ७०-२०० एफ/४ च घ्यावी, असे मी निःसंकोच सांगेन.

जवळून फोटो काढण्याची या लेन्सची क्षमता मात्र मला अपेक्षेपेक्षा कितीतरी मोलाची वाटली. ४०० वर ती साधारण १.०५ मीटरवर फोकस करते आणि त्या अंतरावर सुमारे ९ सेंटीमीटर रुंदीची वस्तू पूर्ण चौकट भरते. कासच्या पठारावर पायवाट सोडून फुलांत शिरणे हे त्या फुलांच्या जिवावर उठणारे आहे, आणि फोटोसाठी गवतात लोळणारी माणसे पाहून दर वर्षी वाईट वाटते. या लेन्सने मी वाटेवर उभा राहून, फक्त गुडघे टेकून, सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे तुरे आणि सोनकीवर बसलेली फुलपाखरे टिपली. पार्श्वभूमी एफ/८ असूनही पूर्ण विरघळते, कारण ४०० मिलिमीटर आणि मीटरभर अंतरावरचा विषय असे असले की फोकसमध्ये येणारी जाडी काही मिलिमीटरच उरते. वारा असेल तर दहा-पंधरा फोटो सलग काढून त्यांतला एक निवडावा लागतो. नीलवंत फुलपाखरू पंख पसरून बसले तर ते चौकटीत मावतच नाही, थोडे मागे सरकावे लागते.

आता उणिवा. लेन्सला पाऊस आणि धूळ रोखणारे सील नाही, हे विकत घेण्यापूर्वीच माहीत असते आणि सह्याद्रीत ते विसरून चालत नाही. मी सॅकच्या वरच्या कप्प्यात जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि पंचा ठेवतो. भुरभुर सुरू झाली की कॅमेरा लगेच आत जातो, आणि त्यामुळे भर पावसातले फोटो मिळत नाहीत. ज्यांना ते हवेच आहेत त्यांच्यासाठी ही लेन्स नव्हे. हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारे, ऊन अडवणारे कडे) खोक्यात येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि तो घ्यावाच. समोरून तिरके ऊन आले की त्याच्याविना रंग फिके पडतात, शिवाय क्लिपवर लटकताना समोरच्या काचेला तोच राखतो. ट्रायपॉडची कडी नाही, पण या वजनाला तिची गरज भासली नाही.

थंड प्रदेशात एक पथ्य पाळावे लागते. संदकफूच्या मुक्कामावर बाहेरून येऊन थेट चुलीच्या खोलीत शिरले तर काचेवर दव धरते आणि सील नसलेल्या लेन्समध्ये ते आतही जाऊ शकते. म्हणून दाराबाहेरच कॅमेरा पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचे आणि अर्धा-पाऊण तास ती उघडायची नाही. बॅटऱ्या मात्र रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ ठेवाव्यात. थंडीत त्या लवकर बसतात.

पुण्या-मुंबईच्या आणि कोकणच्या हवेत लेन्सचा मोठा शत्रू बुरशी आहे. झूम फिरवताना नळी बाहेर येते आणि प्रत्येक वेळी बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, त्यामुळे पावसाळी फेरीनंतर ही लेन्स कापडी बॅगेत ठेवून देणे धोक्याचे आहे. मी घट्ट झाकणाचा मोठा डबा, रंग बदलणारे सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक वापरतो. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहील एवढेच पाहतो. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा डब्यात जाते. यंदाचा पावसाळा सरताना दोन्ही बाजूंनी टॉर्च मारून भिंगे तपासली. बुरशीचा मागमूस नाही, झूमची नळी सैल झालेली नाही आणि फोकस पहिल्या दिवसाइतकाच तत्पर आहे.