बीए सायकॉलॉजी: अप्लाइड पेपर आधी घ्यायचे की नंतर?

भाचीच्या ॲडमिशनवरून घरी परत हा विषय निघाला म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. दुसऱ्या वर्षालाच काउन्सेलिंग, इंडस्ट्रियल वगैरे घ्यायचं, की आधी स्टॅटिस्टिक्स आणि प्रॅक्टिकल करून अप्लाइड शेवटच्या वर्षाला ठेवायचं? मी आधी अप्लाइडकडे पळालो होतो, मग उलटा फिरलो.

अप्लाइडला मजा येते, खोटं कशाला बोलू. हॉथॉर्नचे प्रयोग वाचले, अमेरिकेतल्या कारखान्यात कामगारांवर केलेले, १९२४ ते १९३२ चे, आणि संध्याकाळी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत शिफ्ट सुटताना बघितली की वाटतं आपल्याला सगळं कळलं. त्या निष्कर्षांवर नंतर किती वाद झाले ते आमच्या नोट्समध्ये नव्हतंच. आणि काउन्सेलिंगचा पेपर घेतलाय कळलं की मामी पोराला घेऊन हजर, 'याला जरा समजव रे'. बीएवर कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, त्याला पुढचं शिक्षण आणि आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन लागतं, पण मामीला कोण सांगणार.

माझं गाडं अडलं ते नाशिकच्याच अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत, इंटर्नशिपला. टेस्ट वाटल्या, उत्तरांची 'की' लावून स्कोअर काढले, इथपर्यंत ऐटीत. मग साहेबांनी एक शीट उचलली, 'याला ३४ आलेत, म्हणजे चांगलं का वाईट?' मॅन्युअल माझ्यासमोर उघडं, सरासरी २८, एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते) ६. म्हणजे बरोब्बर एक एसडी वर, साधारण ८४ वा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या ८४ जणांच्या वर, आज झोपेतून उठवलं तरी सांगेन. तेव्हा म्हणालो, 'चांगलंय सर.' वर ते नॉर्म्स, म्हणजे तुलनेसाठीचे सरासरी-एसडीचे आकडे, कॉलेजच्या पोरांवर काढलेले आणि शीट पंचेचाळिशीच्या फिटरची, हे तर वर्षभराने डोक्यात आलं. त्या माणसाबद्दल मी काय बोलून बसलो याची अजून चुटपूट लागते.

प्रॅक्टिकल कंटाळवाणं आहेच. मुलर-लायरची पट्टी, म्हणजे टोकांच्या बाणांमुळे सारख्या रेषा लहान-मोठ्या वाटतात त्या दृष्टिभ्रमाची, दोन्ही रेषा सारख्या वाटेपर्यंत सरकवा, आकडा लिहा, परत सरकवा, प्रयोगाला सब्जेक्ट म्हणून तोच बेंचवरचा मित्र, त्याचं लक्ष कँटीनच्या वड्याकडे, वर जर्नल पूर्ण करायची कटकट. पण तोच मित्र, तीच पट्टी आणि दर वेळी आकडा वेगळा, हे हाताने लिहिलं तेव्हा कुठे मोजमापातली एरर म्हणजे काय ते कळलं.

आता लगेच नोकरी हवी असेल, एचआरलाच जायचं पक्कं असेल तर अप्लाइड आधी घ्या, चुकीचं नाही, प्रत्येकाच्या घरचं गणित वेगळं असतं. भाचीला मात्र मी एवढंच सांगितलं, फॉर्म भरायच्या आधी लॅबचं कपाट उघडून दाखवा म्हणायचं, आणि पट्टीवर धूळ असली तर दुसरं कॉलेज बघू.